हिरवळीचा ढाळ

"बाबा, उठा ना. लोकांना वाटेल तुम्हाला काहीतरी झालंय."

"लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. तुम्ही जरा बाजूला व्हा जावईबापू, सावली पडतेय तुमची."

मिस्त्री गवतावर पालथे पडले होते. डावा गाल हिरवळीला टेकलेला, उजवा डोळा मिटलेला, बूट आणि मोजे कडेला नीट जोडीने ठेवलेले. त्यांच्यापासून दहा पावलांवर एक भोक होते, भोकात काठी आणि काठीवर लाल झेंडा. जावई आपली खेळायची काठी कधी या खांद्यावर, कधी त्या खांद्यावर घेत उभा होता. ही काठी कशी धरायची हे त्याने मोबाइलवर तीनदा पाहून घेतले होते. सासरे मैदानात आडवे झाले तर काय करायचे, ते त्यात दाखवले नव्हते.

गोल्फ हा काही त्यांच्या घराण्यात चालत आलेला खेळ नव्हता. लेकीने आईवडिलांना चार दिवसांच्या सहलीला आणले होते. जागा अशी, की एका बाजूला थीम पार्क, मधे राहायच्या खोल्या आणि दुसऱ्या बाजूला हे मैदान. खोलीबरोबर मिळालेल्या कागदावर, सकाळच्या न्याहारीच्या खाली आणि हरवलेल्या किल्लीच्या वर, 'दोघांना गोल्फ मोफत' असे छापले होते. जावई कागद शेवटपर्यंत वाचणाऱ्यांपैकी होता. त्याने टोपीसुद्धा घेतली.

मिस्त्रींना तो मुद्दाम बरोबर घेऊन आला होता, कारण पार्कात त्यांना सोडायची आता सोय राहिली नव्हती. पार्कात सिमेंटचा डोंगर होता, त्यातून दर वीस मिनिटांनी धूर यायचा. बोलणारे झाड होते. ते सगळ्यांशी एकच वाक्य बोलायचे, त्यामुळे त्याचे कुणाशी बिनसत नसे. राजवाडा होता. मिस्त्रींनी त्याच्या भिंतीवर बोटांची पेरे वाजवली, "पोकळ" म्हणाले आणि तिथेच उकिडवे बसून अंगणातल्या फरश्या वाजवू लागले.

"अहो, सगळं जग वर बघतंय आणि तुम्ही खाली!" बायको म्हणाली. "इथं तरी नका ना वाजवू."

"पाच फरश्या सुटल्यात. राजकन्येच्या दारात."

"मग राजकन्येला सांगा. मी चालले गाडीत."

आणि ती नातीचा हात धरून खरोखरच रुळांवरून उलटीसुलटी पळणाऱ्या गाडीत जाऊन बसली. घरी माळ्यावरचा डबा काढायचा तर दोघांनी स्टूल धरावे लागणारी ही बाई, पहिल्या दिवशी त्या गाडीत तीनदा बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "आवाज फार करतात लोक."

मिस्त्रींचा जीव मात्र कशात लागत नव्हता. तो घरी एका पोत्यात अडकला होता. त्या पोत्यात थापी, ओळंबा, रबरी हातोडी आणि पाण्याची लांब नळी, अशी चाळीस वर्षांची हत्यारे बांधून ठेवलेली होती. सहलीहून परतले की बुधवारी दुसरा एक मिस्त्री येऊन ती घेऊन जाणार होता. तसे ठरले होते, म्हणजे मिस्त्रींनीच ठरवले होते.

फरशी कोणीही बसवतो, ढाळ देणे निराळे. न्हाणीघराची जमीन माणसाला सपाट वाटली पाहिजे आणि पाण्याला उतरती. माणूस फसला तर चालतो, पाणी फसत नाही. ज्या बुडबुड्याच्या पट्टीने जमीन सपाट आहे की नाही बघतात, ती पाणसळ मिस्त्रींना कधी लागलीच नाही, म्हणून कामावरचे लोक त्यांनाच पाणसळ म्हणत. फरश्या मांडून झाल्या की ते गाल जमिनीला टेकवत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "कोपरा दाबा. जरासा. बास." मग बादली ओतायची. पाणी शाळा सुटल्यासारखे न धावता, शाळा भरल्यासारखे रांगेने जाळीत जाई. ही नजर बघायला माणसे जमत. इंजिनिअरसुद्धा येत आणि आपल्याला हे येत होतेच अशा चेहऱ्याने परत जात.

अशा माणसाच्या हातून गेल्या वर्षी एक न्हाणीघर चुकले, आणि तेही लेकीच्या नव्या घरातले.

तिने सांगितले नाही. मिस्त्री तिच्याकडे मुक्कामाला गेले होते, सकाळी लवकर उठले, तर लेक न्हाणीघराच्या उंबऱ्याशी वाकून फडक्याने पाणी टिपत होती. वडील दिसताच तिने फडके पाठीमागे धरले. "सांडलं होतं," ती म्हणाली. बत्तीस वर्षांची बाई, बँकेत वीस माणसांवर साहेब, आणि फडके पाठीमागे. सगळे बाहेर पडल्यावर मिस्त्रींनी नातीची एक गोटी जाळीजवळ ठेवली. ती जाळीकडे पाठ करून दाराकडे निघून गेली. मिस्त्रींनी गोटी पुन्हा डब्यात ठेवली आणि घरी येऊन हत्यारे पोत्यात भरली.

"नजर गेली माझी," ते बायकोला म्हणाले.

"चष्मा करा."

"ती नजर नाही गं."

 

आणि आता ही हिरवळ समोर होती. जावयाने इथवर यायला अकरा टोले घेतले होते. त्यांतले दोन तळ्याने ठेवून घेतले. मिस्त्री मागून नुसते चालत होते. पण या गोल तुकड्यावर पाऊल पडले आणि ते थांबले. हे गवत नव्हतेच. कुणीतरी ओतून, पसरून, थापीने घोटून काढल्यासारखी ही जमीन होती. एवढी मोठी, तरी एकही बाजू सरळ नाही आणि एकही बाजू वाकडी नाही. त्यांनी बूट काढले. कुणाच्या ताज्या कामावर बूट घालून चढायचे नसते. मग गाल टेकवला, डोळा लावला. वर्षभरात प्रथमच.

शेवटी ते उठून बसले. "जावईबापू, कसली काळजी करू नका. कुठूनही ढकला. भोक इथं आहे ना, म्हणजे ढाळ इथंच आहे. मी पाहिला. चेंडू आपला आपण येईल."

यात मिस्त्रींचा दोष नव्हता. चाळीस वर्षांत त्यांना जमिनीतले जे जे भोक भेटले, ते सगळ्यात खालच्या जागी भेटले. उंचावर भोक कोण पाडील?

जावयाने काठीने चेंडू हलकेच ढकलला. चेंडू निघाला, भोकाच्या काठापर्यंत आला, क्षणभर थांबला आणि मान न मिळालेल्या व्याह्यासारखा तोंड फिरवून पलीकडे उतरत उतरत थेट वाळूत जाऊन बसला.

जावई हसला. मग त्याने सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरले.

"परत ढकला," मिस्त्री म्हणाले.

पुन्हा तेच झाले. मिस्त्री आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसून राहिले.

"बाबा, खेळ आहे हो हा," जावई शेजारी उकिडवा बसत म्हणाला. "मला तरी कुठे येतोय?"

"तुम्हाला येत नाही ते ठीक आहे. मला येत होतं."

तेवढ्यात कडेच्या झाडीतून एक माणूस आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, खांद्यावर एका टोकाला नळकांडे असलेले लांब दांड्याचे हत्यार. ही हिरवळ राखायचे काम त्याचे होते. त्याने आधी मिस्त्रींच्या पायांकडे पाहिले, मग जावयाच्या.

"ग्रीनवर झोपायचं नाही, काका. बूट काढलेत ते मात्र चांगलं केलंत. यांच्या टाचा बघा, नांगरट केलीय नुसती."

जावई ताबडतोब चवड्यांवर उभा राहिला.

"हे भोक कुणी पाडलं?" मिस्त्रींनी विचारले. एका मिस्त्रीने दुसऱ्याच्या कामाबद्दल ज्या सुरात विचारावे, त्याच सुरात.

"मी. आज सकाळी."

"चढावर?"

"चढावरच."

"चुकून?"

"चुकून कसं? मुद्दाम. आज सुट्टीचे पाहुणे जास्त, म्हणून जरा सोपंच ठेवलंय. काल तिथं होतं, त्या कडेला. परवा पार वर. रोज हलवतो."

मिस्त्री जागचे उठले. गुडघे कडकड वाजले, ते त्यांनी ऐकले नाही. "भोक हलवता? रोज?"

"रोज. नाहीतर एकाच जागी तुडवून गवत मरतं. इथनं गोल चकती कापून काढायची आणि कालच्या भोकात बसवायची. दाबायची, पाणी द्यायचं, झालं."

"कालचं कुठंय, दाखवा."

हिरवळवाल्याने दोन पावले टाकून बोट दाखवले. मिस्त्री तिथे गुडघ्यांवर बसले आणि हात फिरवू लागले. आधी तळहात, मग बोटांची टोके, मग नख. आयुष्यभर त्यांनी सांधे भरले होते. रंग मिळवून, घासून, पुसून. सांधा दिसत नाही म्हणणारी गिऱ्हाइके त्यांना पुष्कळ भेटली होती, पण सांधा कुठे आहे हे त्यांना स्वतःला माहीत असे. इथे काल या जमिनीत भोक होते, आणि त्यांच्या बोटांना ते सापडत नव्हते.

"नाही सापडत," ते म्हणाले. आवाजात हरल्याचे दुःख नव्हते. पार्कातल्या राजवाड्यासमोर लोक ज्या चेहऱ्याने उभे राहत, तो चेहरा दोन दिवस उशिराने मिस्त्रींना आला होता. "याच्या खाली काय आहे?"

"वाळू. खाली खडी. त्याखाली पाइप."

"म्हणजे आमचंच सगळं. उलट करून." मिस्त्रींनी मैदानावरून नजर फिरवली. "आणि वरचं पाणी कुठं जातं?"

हिरवळवाल्याने हत्यार खांद्यावरून खाली घेतले.

"अठरा वर्षं मी इथं आहे. येतो तो विचारतो, चेंडू कुठं जाईल. पाण्याचं विचारणारे तुम्ही पहिले. काय काम करता?"

"फरशीचं. करायचो."

जावयाने मान वर करून पाहिले. पोत्याचे त्याला माहीत होते, पण 'करायचो' हे त्याने प्रथमच ऐकले होते.

"मग तुम्हीच सांगा की," हिरवळवाला म्हणाला. "कुठं जातं?"

त्याने सहज विचारले. मिस्त्रींना ते सहज गेले नाही. गोटी फसवू शकते, चेंडू त्यांच्या ओळखीचा नव्हता, पण पाण्याचे उत्तर चुकले म्हणजे संपले. मग पोते बुधवारी जाईल आणि जायलाच हवे. त्यांनी नजर लावली. उभे राहून, वाकून, परत उभे राहून. नजर म्हणाली, तळ्याकडे. अगदी स्वच्छ दिसत होते, सगळी जमीन तळ्याकडे कललेली.

मग ते चालायला लागले. कडेकडेने, हळू, आणि मधेच त्यांनी डोळे मिटले, कारण ऊन समोरून येत होते. दहाबारा पावले गेल्यावर ते थबकले. डाव्या पायाची करंगळी उजव्यापेक्षा आधी खाली जात होती. पुढे गेले तर टाचेवर भार आला, म्हणजे इथे चढ. मागे आले, वळले. पायांना कसलीच शंका नव्हती.

ते डोळे उघडून परत आले.

"डोळे म्हणतात, तळ्याकडे," ते म्हणाले. "पाय म्हणतात, तळ्याकडे थेंबसुद्धा जात नाही. अर्धं झाडांकडे, उरलेल्याच्या दोन वाटा, वाळूच्या दोन्ही अंगांनी."

"मी कुणाचं धरू?"

 डोळ्यांवर मिस्त्रींचे नाव झाले होते, घर चालले होते. मागच्या गटातले दोन गृहस्थ लांबून हात करून विचारत होते, येऊ का म्हणून.

"पायांचं," मिस्त्री म्हणाले.

हिरवळवाल्याने त्या दोघांना पुढच्या भोकाकडे जायची खूण केली, झेंडा उपटून कडेला ठेवला आणि झाडीतून पाण्याची जाड नळी ओढत आणली. हिरवळीच्या माथ्यावर ती सोडली आणि तिघे बाजूला उभे राहिले. बराच वेळ काहीच झाले नाही, पाणी नुसते जिरत होते. जावई काहीतरी बोलणार होता, पण त्यानेही वेळ ओळखली. मग गवताच्या टोकांवरून एक चकाकी सरकू लागली. ती तळ्याच्या दिशेला जराशी झुकली आणि वळली. अर्धी झाडांकडे गेली. उरलेली थोडी पुढे येऊन दुभंगली, वाळूच्या या अंगाने आणि त्या अंगाने. कुठे तुंबली नाही, कुठे धावली नाही. एकाच भोकाकडे पाणी न्यायला मिस्त्रींनी जन्म घालवला होता, आणि इथे कुणीतरी त्याला तीन वाटांनी, न विचारता, न ढकलता निरोप देत होते.

"आई गं," मिस्त्री हळूच म्हणाले. चौसष्टाव्या वर्षी.

"याचा नकाशा माझ्या साहेबांच्या कपाटात आहे," हिरवळवाला टोपी काढत म्हणाला. "कुलपात."

मिस्त्री आपल्या पायांकडे बघत होते. चाळीस वर्षे कामावर ते अनवाणी वावरले होते, सगळेच फरशीवाले वावरतात. गाल टेकवून डोळा लावायच्या आधी त्याच जमिनीवर दिवसभर पाय फिरलेले असत. वाहवा नजरेची झाली. काम पायांनी केले, आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

आयुष्यात एकच जमीन त्यांनी बूट घालून केली होती. सिमेंटने बाबांच्या टाचा फुटतात म्हणून लेकीने जाड रबरी तळाचे बूट आणले होते. "माझ्या घरात तरी अनवाणी नाही," म्हणाली होती, आणि त्यांनी ते आठ दिवस हौसेने घातले होते.

हे त्यांनी तोंडाने काही म्हटले नाही. पण जावई कागद शेवटपर्यंत वाचणारा होता. त्याने सासऱ्यांच्या पायांकडे पाहिले, कडेच्या बुटांकडे पाहिले.

"बाबा... म्हणजे आपल्या घरी ते जे झालं... ते बूट तर हिनेच..."

"जावईबापू," मिस्त्री म्हणाले. "हे इथंच राहू द्या. तिच्यापर्यंत न्यायचं नाही."

जावयाने मान हलवली. मघापासून खांद्यावर असलेली काठी त्याने प्रथमच खाली ठेवली.

"अहो, तुम्ही दोघं इथे आहात होय!" लेक रस्त्याकडून येत होती, धापा टाकत. "आई चौथ्यांदा बसलीय त्या गाडीत. माझी लेक घाबरून खाली उभी आहे आणि आजी वरून हात हलवतेय! कुणीतरी चला, माझं ऐकत नाही ती. आणि बाबा, हे काय? अनवाणी? ओल्यात? टाचा परत फुटतील ना!"

"फुटू दे. तू इकडे ये. तुझ्या न्हाणीघरात उंबऱ्याशी पाणी येतं ना गं?"

लेक थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिले. नवरा झेंड्याकडे बघत होता.

"कुठे? नाही तर," ती म्हणाली. मग म्हणाली, "थोडंसं. पुसलं की जातं."

"माझी नजर चुकली. घरी गेलो की उचकटतो आणि परत करतो. आठ दिवस शेजारी अंघोळीला जा."

"तुम्ही करणार?"

"मग कोण करणार?"

"पण बुधवारी तो..."

"त्याला सांगू, पुढच्या जन्मी ये."

लेकीने मान खाली घातली.  मग एकदम वर बघत म्हणाली, "करा. पण या वेळी मी याहून चांगले बूट आणते. याहून जाड तळाचे. माझं ऐकायचं."

जावयाला खोकला आला.

"आण," मिस्त्री म्हणाले. "चपला काढ आणि इथं उभी राहा. डोळे मीट. नीट मीट. आता चालत जा आणि सांग, पाणी कुठं चाललंय?"

"बाबा, काहीतरीच! लोक काय म्हणतील?"

"मघाशी मी आडवा पडलो होतो. त्यापुढे हे काहीच नाही."

लेकीने चपला काढल्या. गार ओल्या गवतावर पाऊल ठेवताच तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि खांदे वर गेले. मग दोन्ही हात पसरून, अंगठ्याने आधी चाचपत, ती निघाली. वीस माणसांच्या साहेब असलेल्या बाईंना असे चालताना बँकेतल्या कुणी ओळखले नसते. चार पावले, सहा पावले. थांबली. भुवया जवळ आल्या. एक पाय उचलून परत ठेवला, विचार केला, आणि मग पुऱ्या खात्रीने तिने हात लांब करून तळ्याकडे दाखवला.

"तिकडे."

हिरवळवाल्याने तोंड उघडले. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिले आणि त्याने ते मिटले. चाळीस वर्षांत मिस्त्रींनी कुणाच्याही चुकीच्या ढाळाला बरोबर म्हटले नव्हते. त्यावरून दोन भागीदार सोडून गेले होते आणि एका कंत्राटदाराने तर बोलणेच टाकले होते.

"बरोबर," मिस्त्री म्हणाले.

लेक डोळे मिटून हसत तशीच उभी राहिली, हात तळ्याकडे. तिच्या पाठीमागून पाणी झाडांकडे जात होते.